सासूबाईंचा स्मृतिभ्रंश, वावराचा धुरा आणि वाचन: सांभाळणारं माणूस कशावर तगतं?

वावरकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

इथे मी नेहमी वाचते, लिहिते क्वचित. हा धागा काढला कारण या विषयावर गावात बोलायला कोणी नाही. "बुढी चळली" म्हणून लोक मोकळे होतात, त्यापुढे बोलणं सरकत नाही.

माझ्या सासूबाईंना अल्झायमर आहे. मी त्यांना आईच म्हणते. आमचं गाव आर्वी तालुक्यात, घरी पऱ्हाटी (कपाशी), तूर आणि थोडा संत्र्याचा बगीचा. आईंच्या वयाची कागदावर धड नोंद नाही. विनोबाजी पवनारहून पायी दिल्लीला निघाले (ते साल १९५१) तेव्हा आपण गुरांमागे जाण्याएवढ्या होतो, असं त्या सांगायच्या. त्यावरून ऐंशीच्या पुढे धरायचं. सेवाग्रामला तपासण्या झाल्या, मेंदूचा स्कॅन झाला, बी-१२ आणि थायरॉइड बघून झालं, आणि मग डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं.

आता त्या मला ओळखत नाहीत. "बाई, तू कोनाची वं?" असं विचारतात. मी सांगते, त्या मान हलवतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. दुपार कलली की "मले माह्या घरी जाचं हाय" सुरू होतं. ज्या घरात जन्म गेला त्याच घराच्या ओसरीत बसून त्या घरी जायचं म्हणतात. ऐकताना पोटात कालवतं, आणि ते रोजच ऐकायचं असतं.

आजाराची माहिती मला मिळते, गोळ्याही चालू आहेत. मला विचारायचंय ते हे की सांभाळणारं माणूस स्वतः कशावर तगतं? मला दोन गोष्टींनी धरून ठेवलंय, वावराने आणि वाचनाने. आधी माझं सांगते, मग तुमचं ऐकायचं आहे.

पहाटे हे आईंजवळ बसतात आणि मी निघते. घरापासून नाल्यापर्यंत, आणि नाल्यावरून धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाबांधाने, परत. कामासाठी जाणं वेगळं, ते नंतर आहेच. या वेळेला हातात विळा नसतो, डोक्यावर टोपली नसते. घरात दिवसभर माझ्याकडून उत्तरं हवी असतात: मी कोण, हे कुठे गेले, जेवण झालं का, आणि माझे सासरे, ज्यांना जाऊन वर्षं लोटली, ते अजून वावरातून का आले नाहीत. धुऱ्यावर मला कोणी काही विचारत नाही. तिथे मला काही सिद्ध करायचं नसतं, काही लपवायचं नसतं. तेवढ्या वेळात मी पुन्हा माणसात येते, हे अगदी खरं सांगते.

पुढे पुढे मी एक वही ठेवायला लागले. पावशा पहिल्यांदा कधी ऐकला, पळस कोणत्या आठवड्यात पेटला, नाल्यावर परीट पक्षी कधी उतरले, नवरंग कोणत्या बाभळीखाली शिट्टी घालत होता. नवरंग आमच्याकडे मृगाच्या आगेमागे येतो, इथेच वीण करतो आणि पावसाळा सरला की दक्षिणेला निघून जातो. मागच्या वर्षीचं पान उघडून या वर्षीचं बघायचं, याची मला फार ओढ लागली आहे. घरात काळ उलटसुलट झालेला असतो. आईंसाठी आज १९७२ चा दुष्काळ असू शकतो, उद्या त्यांचं लग्न असू शकतं. वहीत मात्र ज्येष्ठानंतर आषाढच येतो.

वाचनाचं म्हणाल तर कादंबरी मला आता वाचवत नाही. दहा पानांत चार वेळा उठावं लागतं, परत येईपर्यंत कोण कोणाचा भाऊ ते हातून सुटतं. मग मी ज्यात सुटायला काही नाही असं वाचायला लागले. पक्ष्यांची माहिती, झाडांची माहिती, एखादी कविता, एखादं पत्र. एका पक्ष्याचं एक पान. तेवढं पुरतं, आणि ते दिवसभर डोक्यात राहतं.

संध्याकाळी मी आईंना ग्रामगीता वाचून दाखवते. त्या शाळेत कधी गेल्या नाहीत. पण मोझरी आमच्यापासून नदीपलीकडेच, आणि गावात सामुदायिक प्रार्थना व्हायची, त्यामुळे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे शब्द त्यांच्या कानात लहानपणापासून आहेत. ४१ अध्यायांपैकी मी कुठलाही उघडते. मागे-पुढे झालं तरी त्यांना फरक पडत नाही. कालची ओवी आज पुन्हा वाचली तरी त्या तितक्याच मनापासून ऐकतात, आणि मांडीवर बोटांनी खंजिरीचा ठेका धरतात. ती बोटं चुकत नाहीत.

आणखी एक. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांना हाताला धरून मी बांधापर्यंत नेलं. त्या खाली वाकल्या आणि तरोटा (टाकळ्याची रानभाजी) खुडायला लागल्या. कोवळे शेंडे तेवढे, जून पानाला हात नाही. घोळ वेगळी ठेवली. पदराचा ओचा भरला. त्या दिवशी त्यांनी एकदाही घरी जायचं म्हटलं नाही. भाजी मी केली, आणि जेवताना त्या मला म्हणाल्या, "तुह्या मायनं चांगलं शिकवलं तुले." मला ही भाजी त्यांनीच शिकवली होती, लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात. मी म्हटलं, "हो, मायनंच शिकवलं."

तुमच्या घरी असं कोणी असेल तर लिहा. कशाने धीर येतो, काय वाचता, कुठे जाऊन बसता.

बोरीकाठ

ताई, धागा वाचून हात जोडले. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, दारव्ह्याकडचे. बाबांना सात-आठ वर्षांपासून हा त्रास. माझं नाव त्यांना येत नाही. कधी मी त्यांचा धाकटा भाऊ असतो, कधी सालदार, म्हणजे सालाने ठेवलेला गडी.

पण पोळ्याचं सांगतो. आदल्या दिवशी खांदेमळणीला त्यांच्या हाती तूप-हळदीची वाटी दिली, तर त्यांनी बैलाच्या खांद्यावर हात असा फिरवला की मी बघतच राहिलो. जू जिथे घासतं ती जागा बरोबर शोधली आणि तिथे बोटं थांबवून थांबवून चोळलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," हे बैलाच्या कानात आपणहून म्हणाले. कोणी आठवण करून दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली झडत्या (पोळ्यात म्हणायची गाणी) सुरू झाल्या आणि बाबा गर्दीतून पुढे गेले. एका दमात तीन झडत्या म्हटल्या. आवाज पहिल्यासारखा. गावातली जुनी माणसं डोळे पुसत होती.

आमच्याकडे आता बैलजोडी नाही, ट्रॅक्टर आहे. शेजारच्या काकांना विनंती केली, ते सकाळी कामाला जाताना बैल आमच्या आंगणात थोडा वेळ थांबवतात. बाबा त्यांना हात लावतात, शिंगं बघतात, पाणी दाखवतात. त्या दिवशी बाबांची चिडचिड कमी असते. हे माझं निरीक्षण आहे, डॉक्टरांचं मत नाही.

मी स्वतः वाचणारा नाही. मला धीर येतो तो रात्री ओलिताला गेल्यावर. विजेची लाईन रात्रीचीच असते आमच्याकडे. पाणी दांडाने पुढे सरकतं, रातवा पक्षी कुठेतरी ठक ठक करत असतो, आणि मी बांधावर बसून बाबांचं जुनं सगळं आठवतो. रडू येतं, ते तिथेच येऊ देतो.

जंगलकाठ

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे, राग मानू नका.

आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबा व्याघ्रप्रकल्पाच्या बफरजवळ राहतो. आमच्याकडे पहाटे एकटं फिरायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ. मार्च-एप्रिलमध्ये मोह पहाटे पडतो, बायका अंधारात वाकून वेचतात आणि वाघाचे हल्ले होतात, हे दरवर्षीचं आहे. माझी आई आयुष्यभर मोह वेचणारी. आजार झाल्यावरही मोहाचा हंगाम आला की तिला रात्री तीनलाच जाग यायची, टोपली शोधायची, दार उघडायची. शेवटी दाराला वर कडी लावावी लागली. निसर्ग तिला बोलवत होता आणि आम्ही तिला आत कोंडत होतो. त्यात मला कसला दिलासा मिळणार?

उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर असतो. या आजारात तहान लागल्याचं माणसाला सांगता येत नाही, कधी कळतच नाही. धुऱ्याला काही जण रानडुकरांसाठी तारेत चोरून करंट सोडतात. विहिरींना कठडे नाहीत. पावसाळ्यात साप. म्हणून वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे, "वावरात न्या, बरं वाटेल" एवढंच मनात धरून कोणी उठू नका.

आमचं जे काही झालं ते आंगणात झालं. कडुनिंबाखाली बाज टाकली. मी रानातून दोन टोपल्या मोह आणला आणि आंगणात पसरला. आई दिवसभर वेचत बसली. वेचून टोपली भरली की मी नजरेआड नेऊन पुन्हा पसरायची. ती समाधानी असायची आणि मी तिच्याजवळ बसून वाचत असायची. ती गेली त्याला आता तीन वर्षं होतील. मोहाचा वास आला की मी अजून थांबते.

वावरकाठ

जंगलकाठ, राग कशाचा? तुमचं प्रत्येक वाक्य खरं आहे आणि ते मूळ लेखात यायला हवं इतकं मोलाचं आहे. आमच्याही नाल्याकडे बिबट्याचे पगमार्क दिसतात. मी फटफटल्यावरच निघते आणि आईंना नेते ते उजेडात, हाताला धरून, घरामागच्या बांधापर्यंतच.

मोह पुन्हा पसरायचा, हे वाचून मी बराच वेळ थांबले. आमच्याकडे मी कापसाचं करून बघेन. सरकी काढायला बोंडं दिली तर आईंची बोटं नक्की चालतील.

धानपट्टा

मी पुण्यात नोकरीला, आई गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. वहिनी सांभाळते. माझा वाटा म्हणजे रोज रात्रीचा फोन. आधी तो फोन फार अवघड जायचा. "कसा आहेस" नंतर आईकडे वाक्यच नसायचं, आणि मला आठवणींची परीक्षा घ्यायची नव्हती.

मग वाचून दाखवायला लागलो. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले, त्यांच्या लेखनात आमचाच तलाव आहे, आमचेच पक्षी आहेत, ढिवर आहेत, कोहळी आहेत. जून २०२५ मध्ये ते गेले तेव्हा मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. मी फोनवर एखादं पान वाचतो. आई मधेच थांबवते आणि सांगते, "तसं नाही, बदकं त्या बाजूनं उतरत नाहीत." तिला आज सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण तलावाची कोणती पाळ कुठे फुटते ते आठवतं. बरोबर की चूक मला माहीत नाही. ती मला काहीतरी शिकवते आहे, एवढं मला पुरे असतं.

आमच्याकडे धानाच्या बांध्यांत सारसाची जोडी यायची. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरलाय, तोही मोजका. नर-मादी दोघं मान वर करून एकत्र ओरडतात, एकाचा आवाज संपायच्या आत दुसऱ्याचा मिसळतो. आई दर फोनला विचारते, "आले का जोडीनं?" बाबा गेल्यानंतर तिने हे विचारायला सुरुवात केली. सारसाबद्दल विचारते की बाबांबद्दल, मी कधी खोदून विचारलं नाही. वहिनीला दिसले असतील तर मी सांगतो दिसले, नसतील तर सांगतो, अजून यायचेत.

आरोग्यसेविका_वणी

प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते, त्या अनुभवावरून थोडं लिहिते.

तरोटा, खांदेमळणी, खंजिरीचा ठेका, हे टिकण्यामागे कारण आहे. अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लवकर बाधित होतो. नवी आठवण साठवण्याचं काम त्याचं. म्हणून सकाळचं जेवण पुसलं जातं आणि चाळीस वर्षांपूर्वीचं राहतं. हातांनी वर्षानुवर्षं केलेली कामं मेंदूचे दुसरे भाग सांभाळतात, त्यांच्यापर्यंत आजार उशिरा पोचतो. तालासुरात पाठ झालेलंही बराच काळ टिकतं. त्यामुळे माणसाला "हे आठवतं का, ते आठवतं का" विचारण्यापेक्षा हाताला ओळखीचं काम देणं कधीही चांगलं.

वावरकाठताई, तुम्ही पूर्ण तपासणी करून घेतली हे फार बरं केलं. खेड्यात बहुतेक जण वय झालं म्हणून सोडून देतात. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, डोक्याला मार लागून आत साचलेलं रक्त, यांनीही विसरभोळेपणा येतो आणि त्यांवर उपचार आहेत. मोतीबिंदू आणि कानही तपासून घ्या. दिसत-ऐकत नसेल तर गोंधळ दुप्पट होतो. आणि एक पक्कं ध्यानात ठेवा: माणूस एक-दोन दिवसांत अचानक खूप बिघडला, भास व्हायला लागले, सारखा झोपेत राहू लागला, तर आजार वाढला म्हणून बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, नवीन गोळी, असं काही असू शकतं. त्याच दिवशी दाखवा.

दुपारनंतरची "घरी जायचं" ही अस्वस्थता खूप जणांत दिसते. अंधार पडायच्या आधीच दिवे लावा, सावल्या कमी होतात. सकाळी उजेडात बसवलं तर रात्रीची झोप सुधारायला मदत होते. तुमचं सकाळचं बांधावर नेणं त्या दृष्टीने उपयोगाचंच आहे.

आणि हे दुर्मीळ दुखणं नाही. देशपातळीवरच्या एका मोठ्या पाहणीत ६० वर्षांवरच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असल्याचा अंदाज निघाला, आणि प्रमाण शहरापेक्षा खेड्यात व पुरुषांपेक्षा बायकांत जास्त होतं.

सांभाळणाऱ्याला झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर टेली-मानस, १४४१६ वर फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ आहे.

वावरकाठ

ताई, मनापासून आभार. एक विचारायचं राहिलं होतं. आमच्या बगीच्यात आंबिया बहार फुलतो तेव्हा सगळं घर वासाने भरतं. आईंना तो वास फार आवडायचा. दोन वर्षांपासून त्या फुलांजवळ नेलं तरी काहीच म्हणत नाहीत. मला वाटलं, मन लागत नसेल.

आरोग्यसेविका_वणी

मनाचा दोष नाही. या आजारात वास ओळखण्याची शक्ती बऱ्याच जणांची लवकर कमी होते. फुलं हातात द्या, पाकळ्या चुरू द्या. आणि घरात गॅसकडे, जळक्या भांड्यांकडे, विटलेल्या अन्नाकडे तुम्हीच लक्ष ठेवा. त्यांना ते वासावरून कळणार नाही.

माहेरवाशीण

सगळं वाचलं. सुंदर लिहिलंय सगळ्यांनी. पण मला एक प्रश्न टोचतोय, तो विचारते.

पहाटेचा तो वेळ कोणाच्या जिवावर मिळतो? वावरकाठताईंचे यजमान बसतात, त्या नशीबवान. माझ्या आईला मी सांभाळते. भाऊ त्याच गावात, भिंतीला भिंत लागून. तो शेत बघतो, मी आईला. "तू तर घरीच असतेस." आईला सोडून मी आंगणाच्या फाटकापर्यंत जाऊ शकत नाही. झाड मला दिसतं ते खिडकीतून. पुस्तक उघडलं तर शेजारीण म्हणते, आई अशी आणि हिला वाचन सुचतं.

धानपट्टा, तुमच्या फोनबद्दल आदर आहे. तरी विचारते. वहिनीला कोण वाचून दाखवतं?

धानपट्टा

तुम्ही बरोबर विचारलंत. उत्तर माझ्याकडे नाही. आज वहिनीशी बोलतो. आईबद्दल नाही, तिच्याबद्दल.

वावरकाठ

माहेरवाशीण, तुमच्या प्रश्नासाठी हा धागा काढला असं आता वाटतंय.

मी नशीबवान आहे हे खरं. पण तो वेळ नशिबाने आला नाही, मागून घेतला. सुरुवातीला ह्यांनाही वाटायचं, ती बाईमाणसाची कामं. मी एवढंच म्हटलं की तुम्ही जन्मलात तेव्हा आईने रात्री जागवल्या, आता पहाट तुमची. त्या दिवसापासून ते बसतात. आता त्यांचं आईंशी वेगळं जमलंय. दोघं चहा घेतात, जुन्या बैलांची नावं घेतात. मी नसते म्हणूनच ते जमलं, असं मला वाटतं.

माझं ठाम मत आहे की सांभाळणाऱ्याचा वेळ हा औषधपाण्याइतकाच घरच्यांनी मिळून ठरवायचा भाग आहे. "तू जरा स्वतःकडे बघ" असं म्हणणारे खूप भेटतात. त्यांतल्या किती जणांनी "मी बसतो, तू जा" म्हटलं? झाडं, पक्षी, पुस्तकं आपापल्या जागी आहेतच. कमी पडतं ते शेजारी बसणारं एक माणूस.

भावाशी बोलताना भावनेचं काही बोलू नका, वेळ मागा. मंगळवार आणि शनिवार, चार ते सहा, तू इथे बसायचंस. इतकं नेमकं. नाही म्हणाला तर वहिनीला विचारा, भाच्याला विचारा, गावातल्या बचत गटात विचारा. आमच्या गल्लीतल्या काकूंच्या यजमानांना पक्षाघात आहे. मी त्यांच्याकडे बसते तेव्हा त्या देवळात जाऊन येतात, त्या आईंजवळ बसतात तेव्हा मी वाचते. पैसा नाही लागत, उपकार नाही वाटत.

आणि शेजारणीचं सोडून द्या. आईजवळ बसून वाचणारी लेक आईला सोडून गेलेली नसते. मोठ्याने वाचा. आईला अर्थ लागला नाही तरी तुमचा आवाज घरात आहे, एवढं तिला कळतं.

निवृत्त_ग्रंथपाल

सर्वांस नमस्कार. अमरावती जिल्ह्यातील एका लहान गावी ड वर्गाचे सार्वजनिक वाचनालय मी अनेक वर्षे चालविले. अनुभवाच्या काही गोष्टी.

१९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे आपल्या राज्यात खेडोपाडी मान्यताप्राप्त वाचनालये उभी राहिली. अनुदान तुटपुंजे, तरी कपाटात पुस्तके असतात. पण ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्या, घरी अडकलेल्या बाया वाचनालयात येऊच शकत नाहीत. आम्ही शाळेच्या मुलींच्या दप्तरातून पुस्तके घरोघरी पाठवीत असू. आपल्या गावच्या वाचनालयात असे सुचवून पाहावे, बहुतेक नाही म्हणणार नाहीत.

वावरकाठताईंचे निरीक्षण मला पटते. मन थकलेले असता लहान आणि पूर्ण असे काही वाचावे. पत्रे, रोजनिशी, ललित लेख, निसर्गनोंदी, अभंग. बालमासिकांचे जुने अंक अवश्य घ्या. अक्षर मोठे, चित्रे ठळक, गोष्ट एका पानात संपते, आणि आजारी माणसालाही पाने उलटायला आवडतात. माझ्या पत्नीला अखेरच्या वर्षांत अक्षरओळख राहिली नव्हती, तरी ती अंक हाती घेऊन तासभर बसत असे. चित्रातल्या गाईला ती गोंजारीत असे. मी समोर माझे पुस्तक घेऊन बसे. एका खोलीत दोघे वाचत आहोत असे ते दिवस होते, आणि माझ्या आयुष्यातील चांगल्या दिवसांत मी ते धरतो.

वावरकाठताई, आपली ती निसर्गाची वही जपा. ती इतरांनाही वाचू द्या.

बोरीकाठ

काका, तुमचं वाचून मी बाबांसाठी जुने अंक शोधतो आहे. शेतीच्या मासिकांतले बैलांचे फोटो त्यांना आवडतील.

एक अडचण आहे. परवा बाबा दुपारी निघून गेले, दीड कोसावर नाल्याच्या पुलावर सापडले. गावातल्या पोट्ट्यांनी ओळखून आणले. यावर कोणी काय करतं?

जंगलकाठ

आम्ही केलेलं सांगते. सदऱ्याच्या आत, कॉलरजवळ, कापडी पट्टीवर गावाचं नाव आणि दोन फोन नंबर शिवून टाका. गळ्यात काही घातलं तर ते काढून टाकतात. पोलीस पाटील, एसटीच्या थांब्यावरचा पानठेला, आटाचक्की आणि गुराखी, यांना फोटो दाखवून सांगून ठेवा. गुराख्याला आधी, कारण रानातलं माणूस त्यालाच दिसतं. घराजवळच्या उघड्या विहिरीवर जाळी टाका, हे आजच करा. आणि ते निघाले की अडवू नका, सोबत चालायला लागा. थोडं चालून झालं की "चला, चहा घेऊ" म्हटलं की बहुतेक वेळा वळतात.

आरोग्यसेविका_वणी

जंगलकाठताईंना पूर्ण दुजोरा. कुठल्या वेळेला निघतात ते आठवडाभर लिहून ठेवा. बहुधा ठराविक वेळ निघते. बैलांना पाणी दाखवायची, वावरात जायची जुनी वेळ असू शकते. त्या वेळेला आधीच काम हातात द्या.

माहेरवाशीण

भावाशी बोलले. मंगळवारचं कबूल झालं, शनिवारचं बघू म्हणाला. भाची मात्र आपणहून आली, रविवारी आजीजवळ बसते म्हणाली. दहावीची पोरगी आहे, अभ्यास तिथेच करेन म्हणते.

काका, आमच्या गावातलं वाचनालय बंद पडलंय. तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तकं मिळतील का? आणि वावरकाठताई, मंगळवारी दोन तास मिळालेत तर आधी काय वाचू?

वावरकाठ

मंगळवारी वाचू नका. आधी फाटकाबाहेर पडा आणि गावाच्या कडेपर्यंत चालत जा. आता पऱ्हाटी फुटली असेल, तुरीला फुलं असतील, तारेवर नीळकंठ बसलेला सापडेल. परत आल्यावर काय काय दिसलं ते इथे लिहा. पुस्तकाचं शनिवारी बघू. तोवर माझ्याकडची पक्ष्यांची दोन जुनी पुस्तकं पोस्टाने पाठवते, पत्ता निरोपातून कळवा.

निवृत्त_ग्रंथपाल

तालुक्याच्या वाचनालयात अनामत भरून बाहेरगावच्या सभासदालाही पुस्तके मिळतात. चौकशी करताना भाचीला सोबत न्या आणि कार्ड तिच्या नावे काढा, म्हणजे ने-आण ती करील. बालमासिकांचा एक गठ्ठा माझ्याकडे बांधून तयार आहे. बोरीकाठ आणि माहेरवाशीण, दोघांनी पत्ते कळवावेत, सोमवारी टपालात टाकतो.